एजंटांच्या यादीतले तात्या

बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला प्लॉट विकणारं एक ऑफिस होतं, तिथं मी चार वर्षं नोकरी केली. ऑफिसात आम्ही तिघंच. साहेब, म्हणजे मालक, साइटवरची मोजणी, खांब, रस्ते बघणारे एक भाऊ, आणि मी. माझ्याकडं एजंट होते. एजंट म्हणजे गावोगावचे जागा दाखवणारे लोक. कुणाचं सलून होतं, कुणी निवृत्त शिक्षक, कुणी सकाळी डेअरीवर दूध मोजून दुपारी मोकळा असणारा. जाहिरात बघून गिऱ्हाईक आमच्याकडं फोन करायचं, मी त्याला त्या भागातल्या एजंटाशी जोडून द्यायची, एजंट त्याला जागा दाखवून आणायचा.

सुरुवातीला हे सगळे लोक साहेबांच्या एका जाड वहीत होते. मी दर सोमवारी वही उघडून एकेकाला फोन लावायची. कुणाला जागा दाखवली, काय म्हणाले, पुन्हा येणार का, एवढंच विचारायचं. पण फोन कधी एवढ्यावर थांबायचा नाही. कुणाच्या म्हशीला पारडू झालेलं असायचं, कुणाच्या घरी पाहुणे बघून गेलेले असायचे. सोमवार त्यातच जायचा.

दुसऱ्या वर्षी साहेबांनी सॉफ्टवेअर घेतलं. पडद्यावर डावीकडं ऑफिसचं खातं, त्यावर क्लिक केलं की खाली सगळ्या एजंटांची यादी उलगडायची. फोटो, नाव, मोबाइल, भाग, आणि नावापुढं एक ठिपका. एजंटाच्या मोबाइलवर आमचं ॲप चालू असलं की ठिपका हिरवा, नसलं की राखाडी. नावावर क्लिक केलं की त्यानं कुणाला कधी कुठली जागा दाखवली ते सगळं समोर. प्रत्येक भेटीला जागेवरचा एक फोटो आणि दोन ओळींची नोंद टाकायची सक्ती होती. नवा एजंट घालणं, जुना बंद करणं, सगळं माझ्या हातात.

"आपली गिऱ्हाइकं कुणीतरी दुसऱ्या ऑफिसला नेऊन देतंय," साहेब मला म्हणाले. "कोण ते मला पाहिजे. फोनबिन बंद करा आता. फोनवर माणूस गोड बोलतो. तुम्ही फक्त यादीवर नजर ठेवा, मॅडम."

नजर ठेवणं मला जमलं. खरं सांगायचं तर नको इतकं जमलं. तोपर्यंत मी स्वतःला साधी समजत होते, पण ती यादी समोर आल्यावर आठ दिवसांत माझे डोळे बदलले. कोण किती वाजता हिरवा झाला, कोण मध्येच राखाडी झाला, कोणाचा फोटो दुसऱ्याच दिवशीचा वाटतो, हे मी न ठरवता टिपायला लागले. काटेवाडीच्या एका एजंटाचा ठिपका रोज एक ते तीन राखाडी असायचा. मी पंधरा दिवस त्याच्यावर पाळत ठेवली. हा याच वेळात दुसरीकडं जात असणार, असं माझ्या मनानं घेतलं. शेवटी साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "जेवून झोपतो की साहेब. फोन बंद केल्याबिगर डोळा लागत न्हाय." साहेब हसले. मी नाही हसले. मला वाटलं, खोटं बोलत असेल.

या यादीत भवानीनगरचे एक तात्या होते. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आयुष्य गेलेलं. उसाच्या नोंदी घ्यायला शेताशेतातून सायकल चालवलेली, त्यामुळं इंदापूर तालुक्याच्या त्या अंगाला जमिनीच्या कुठल्या गटात काय आहे हे त्यांना तोंडपाठ. वहीच्या काळात सोमवारचा त्यांचा फोन सगळ्यात लांब चालायचा. त्यांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळं फोन स्पीकरवर असायचा, आणि माझा प्रश्न त्यांना कुणीतरी मोठ्यानं पुन्हा सांगायचं. मग तात्या उत्तर द्यायचे, "दाखवला की ताई. बरा वाटला त्येला." ॲप आल्यावर त्यांच्या नोंदीही तशाच यायच्या. 'दाखवला. बरा वाटला.' त्यापुढं कधी शब्द नाही.

दिवाळीला साहेब जुन्या एजंटांना मिठाईचा डबा द्यायचे. त्या वर्षी डबे मोजताना मी भाऊंना म्हटलं, "भवानीनगरला जाणार असाल तर तात्यांचाही डबा न्या."

भाऊ डब्याला दोरी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "कुणाला देऊ? तात्या गेले की. गणपतीच्या आधीच."

दोन महिने होत आले आणि ऑफिसात कुणाला माहीत नाही. "तुम्ही सांगितलं नाही ते?"

"मला वाटलं, तुमाला ठाऊक असंल," ते म्हणाले आणि पुढचा डबा घेतला.

जागेवर येऊन मी यादी उघडली. त्यांचं नाव बंद करावं, एवढंच मनात होतं. वर टोपी घातलेला तो घाबरल्यासारखा पासपोर्ट फोटो. आणि नावापुढं हिरवा ठिपका. मी नावावर क्लिक केलं. शेवटची भेट कालची होती. त्याआधीची मागच्या मंगळवारची. गणपतीपासून दिवाळीपर्यंत अकरा भेटी, फोटोंसकट.

मी नाव बंद केलं नाही. बंद केलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. पण मला माणूस पकडायचा होता.

मी त्या अकरा नोंदी वाचून काढल्या. त्या तात्यांच्या नव्हत्याच. 'दाखवला, बरा वाटला' हे कुठंच नव्हतं. भलतंच लिहिलेलं होतं. 'बोअरला मार्चनंतर पाणी राहत न्हाय. गिऱ्हाइकाला सांगितलं.' 'रस्ता नकाशात हाय, जागेवर न्हाय. सांगितलं.' आणि भवानीनगरच्या फाट्याजवळच्या आमच्या नव्या साइटबद्दल तर तीनदा एकच, 'मुरमाखाली चोपण हाय. दाखवून दिलं. विचार करतो म्हणाले.'

चोपण म्हणजे पाणी साचून खारावलेली जमीन. तिथं पाया धरत नाही, भिंतीला ओल चढते. त्या साइटची जाहिरात मी स्वतः टाइप केली होती. 'उंचावरची, निचऱ्याची जागा.' साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावावर कुणीतरी आमच्याच गिऱ्हाइकांना आमच्याच जागांची खोट दाखवत होतं. दुसऱ्या ऑफिसचा माणूस आपल्यात बसलाय, हे माझ्या मनात तेव्हाच पक्कं झालं.

ऑफिसच्या नंबरवरून मी तात्यांच्या नंबरला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग मी मेसेज टाकला, 'तात्या, कसे आहात?'

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'बरा हाय. कामात हाय.'

भर दुपारी मी उठून पंखा बंद केला.

आता माझ्यातली पाळत ठेवणारी बाई कामाला लागली. एजंटांचे पासवर्ड, ते स्वतः सोडले तर, दोघांकडंच होते, माझ्याकडं आणि भाऊंकडं. भाऊ इंदापूरच्या बाजूचे. तात्या गेल्याचं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी ते पोटात ठेवलं होतं. तात्यांच्या भेटी नेहमी मंगळवार आणि शुक्रवारच्या, आणि भाऊ मंगळवार, शुक्रवारीच त्या बाजूला असायचे. खरं तर त्या साइटवर गिऱ्हाइकांना मंगळवार-शुक्रवारच द्यायचा, हे मीच ठरवलेलं होतं. त्या बाजूचे सगळेच एजंट त्याच दोन दिवशी तिथं असायचे. हे मला तेव्हा सुचलं नाही, कारण सुचायला नको होतं.

शिवाय फोटो. दुपारच्या फोटोंत, खाली मुरमावर, फोटो काढणाऱ्याची सावली पडलेली असायची. मी ती मोठी करून बघितली. सावलीचं डोकं गोल, फुगीर होतं. हेल्मेट, मी ठरवलं. आमच्याकडं हेल्मेट घालून हिंडणारा माणूस विरळा, आणि भाऊ एका अपघातानंतर हेल्मेटशिवाय गाडीला हात लावत नसत. मला वाटलं, आता काही शोधायचं उरलं नाही.

मी साहेबांकडं गेले. नोंदी, फोटो, वार, सगळं मांडलं. भाऊंचं नाव मी घेतलं नाही, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. पण पासवर्ड दोघांकडं असतात आणि मी नाही, एवढं बोलल्यावर नाव घ्यायला काय उरतं?

साहेबांनी भाऊंना आत बोलावलं. मीही तिथंच उभी.

"फोन टेबलावर ठेव," साहेब म्हणाले.

भाऊंनी ठेवला. साहेबांनी त्यात शोधलं. काही सापडलं नाही.

"दुसरा फोन असंल."

"न्हाय साहेब."

"तात्या गेल्याचं का लपवलंस? त्यांच्या नावानं कोण जागा दाखवतंय?"

भाऊ गप्प राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताईंनी सांगितलं व्हय?"

मी टेबलावरच्या त्या फोनकडं बघितलं. निकाल लागेपर्यंत घरी बसायचं, असं ठरलं, आणि भाऊंचं खातं बंद करायला साहेबांनी मला सांगितलं. मी बंद केलं. एकाच क्लिकचं काम होतं ते.

पुढच्या शुक्रवारी दुपारी भाऊ साइटच्या शेडच्या किल्ल्या परत द्यायला आले. साहेब बाहेर गेले होते. भाऊ माझ्यासमोर खुर्चीवर बसून जुडग्यातून एकेक किल्ली सोडवत होते, कुठली कशाची ते सांगत होते, आणि तेवढ्यात माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उघडली. तात्या. भेट नोंदवली. आत्ताच.

मी फोटो उघडला. तीच साइट, तोच मुरूम, तीच गोल डोक्याची सावली. आणि भाऊ माझ्यापासून दोन हातांवर बसलेले, हेल्मेट मांडीवर.

मी पडदा तिकडं वळवला. त्यांनी बघितलं. "ही पत्र्याच्या दाराची," ते म्हणाले. शेवटची किल्ली टेबलावर ठेवून उठून गेले.

त्या क्षणी मी साहेबांना फोन करायला हवा होता. चुकले म्हणायला हवं होतं. पण मी ठरवलं, आधी खरा माणूस शोधायचा आणि मगच बोलायचं. म्हणजे माझी चूक तेवढी उघडी पडणार नाही.

माझे मिस्टर एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळीवर. त्यांच्या मोबाइलवरून मी तात्यांच्या नंबरला गिऱ्हाईक होऊन मेसेज टाकला. भवानीनगरजवळ दोन गुंठे बघायचेत. लगेच उत्तर आलं, 'मंगळवारी चारला फाट्यावर थांबा.'

मिस्टरांची पहिली पाळी होती, तीनला सुटले ते तसेच मला घेऊन निघाले. काटेवाडी मागं पडली तरी त्यांचं चालूच होतं, "सापडला माणूस तर काय करणार तू? फोटो काढणार त्याचा?" पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्याला ओलांडता येईना, वरून पाचट उडत होतं. ते मलाही माहीत नव्हतं.

फाट्यावर आम्ही थांबलो. मी तोंडाला स्कार्फ बांधलेला. येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडं मी बघत होते. चार वाजून गेले तेव्हा एक जुनी मोपेड आमच्यासमोर थांबली. चालवणारी बाई साठीची असेल. डोक्यावरून पदर, पदरावरून उन्हासाठी जाड टॉवेल गुंडाळलेला. ती गाडीवरून उतरली आणि तिची सावली रस्त्यावर पडली. डोकं गोल, फुगीर.

"तुमीच का ते दोन गुंठेवाले? तात्या आजारी असत्यात. मी त्यांच्या घरची. या माज्यामागनं."

साइटवर तिनं आम्हाला सरळ प्लॉटांच्या मधोमध नेलं. मला वाटलं होतं, ती दुसऱ्या कुठल्या ऑफिसचं नाव घेईल, कार्ड काढून देईल. मी वाटच बघत होते. तिनं चपलेच्या टाचेनं मुरूम उकरला. वीतभर खाली पांढरट, भुसभुशीत माती निघाली.

"चाटून बघा पायजे तर. खारट लागंल. वरच्या अंगाला कालव्याची चारी हाय, पाणी सुटलं की समदं हितं झिरपतं. उसाच्या नोंदीला आमचे मालक येत हुते तवापासनं ह्यो तुकडा असाच. ऊस सुदिक गुडघ्याएवढा व्हायचा." तिनं टाचेनंच खड्डा बुजवला. "घर बांधायचं आसंल तर पाया लई खोल न्यावा लागंल. तरी मी वल यायची न्हाय आसं म्हननार न्हाय. त्या कडंचे वरचे चार प्लॉट बरे हायती. त्यातला बघा."

"जाहिरातीत तर निचऱ्याची जागा लिहिलंय," मिस्टर म्हणाले.

"लिवणारीनं जागा बघितलेली न्हाय," ती म्हणाली.

लिवणारीनं. मी चमकले. तरी मी ठरवलेला प्रश्न विचारलाच. "तुम्ही असं सांगितलं तर ऑफिसला चालतं का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसली, पण बेताचं. "ऑफिसातल्या ताई न्हवं तुमी? सोमवारच्या?"

मी स्कार्फ खाली घेतला.

"आवाजावरनं वळखलं. वर्षभर तुमचं बोलनं मीच तर सांगायची त्यांना, त्यांच्या कानात वरडून. मोबाइलबी मीच बघायची, त्यांना बारकं अक्षार दिसत न्हवतं. ते म्हनायचे, दाखवला, बरा वाटला, टाक. मी तेवढंच टाकायची." ती थांबली. "आता मी बघती ते टाकती."

त्यावरही मी जे विचारलं ते संशयाचंच होतं. "मग लपवलंत कशाला?"

"लपवलं न्हाय, सांगितलं न्हाय. तात्या गेले म्हनून सांगितलं, तर पयली दोन गिऱ्हाइकं फाट्यावरनंच माघारी फिरली. बाईमानसाला जमिनीतलं काय कळतंय, असं त्वांडावर म्हनून गेली. आजारी हायत म्हनलं, तर मागनं येत्यात. आन तुमच्याकडं सांगितलं तर नाव काढणार. नाव काढलं की मला फोन यायचे बंद." मुरमावरची एक खुंटी वाकडी झाली होती, ती तिनं बोलता बोलता सरळ केली. "तुमी विचारलं हुतं ना, कसे आहात म्हनून. मी आधी 'बरी हाय' लिवलं. मग खोडलं आन 'बरा' केलं. लई येळ लागला मला त्येला."

आम्ही निघालो तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्या त्या साइटवाल्या भावाला काय त्रास देऊ नका. त्येला समदं ठाऊक हाय. दहाव्याला आला हुता तवाच म्हनला, मावशी, तुमी चालू ठेवा, कुणी विचारलं तर मी बघतो."

परतीच्या वाटेवर मिस्टरांच्या पाठीमागं बसल्या बसल्या मला भाऊच आठवत होते. साहेबांच्या त्या खोलीत भाऊंनी फक्त एक वाक्य बोललं असतं तर ते सुटले असते. ते बोलले नाहीत, आणि त्यांच्या गप्प बसण्याला मी पुरावा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी त्यांच्या घरी गेले. ते दारात गाडी धूत होते.

"मी भवानीनगरला जाऊन आले," मी म्हटलं. "माझं चुकलं, भाऊ."

त्यांनी नळ बंद केला. "तुमी चुकून बोलला असता तर काय वाटलं नसतं. पण तुमाला ते खरं वाटलं हुतं. मी चोर हाय असं. त्येच वाईट हाय." मग फडकं पिळत म्हणाले, "साहेबांना सांगताना मला ठाऊक हुतं म्हनून सांगू नका. दुसरं कायबी सांगा."

मी तसंच केलं. साहेबांना सांगितलं, की तात्यांच्या माघारी त्यांच्या मालकीणबाई काम करतात, त्यांना नियम माहीत नव्हता, भाऊंचा काही संबंध नाही. त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावानं यादीत घेऊ, जागेची माहिती आपल्यापेक्षा त्यांना जास्त आहे. नवा फॉर्म मी भरूनच नेला होता, फक्त फोटो बाकी होता.

साहेबांनी फॉर्म बघितला नाही. त्यांनी त्या बाईंच्या नोंदी उघडल्या आणि एकेक करत वाचल्या. चोपण, बोअर, रस्ता. वाचून झाल्यावर ते मला म्हणाले, "गणपतीपासून हे असं चाललंय. यादी तुमच्याकडं. आणि तुम्हाला दिवाळीपर्यंत दिसलं नाही?"

"नाही दिसलं."

"की दिसलं होतं?"

तो प्रश्न मी ओळखला. माझाच होता तो. काटेवाडीच्या दुपारी झोपणाऱ्या माणसावर, भाऊंवर, मी तोच तर वापरला होता. एवढे दिवस मी टेबलाच्या अलीकडं होते. आता मी पलीकडं उभी होते, आणि नाही म्हणण्याशिवाय माझ्याकडं दुसरं काहीच नव्हतं. खोटं बोलत असेल, असं त्यांना वाटत असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भाऊंच्या बाबतीत तर मी बोलतच होते खोटं.

तात्यांचं नाव साहेबांनी स्वतःच्या हातानं बंद केलं. फॉर्म तसाच राहिला. भाऊंना त्यांनी सोमवारपासून परत बोलावलं. चूक झाली असं मात्र कुणी म्हटलं नाही. आठवड्यानं मी यादी उघडायला गेले तर नुसती नावं दिसायला लागली. भेटी, नोंदी, घालणं, बंद करणं, सगळं गेलेलं. मी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तेव्हा पलीकडचा मुलगा फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, तुमचे अधिकार कमी केलेत. वरून."

भाऊ परत आले, पण मला ताई म्हणणं त्यांनी सोडलं. मॅडम म्हणायचे. चहा आला की माझा कप आधी माझ्यासमोर ठेवायचे, पूर्वीसारखाच, आणि आपला घेऊन बाहेर गाडीपाशी जायचे. मी दोनदा पुन्हा विषय काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "झालं गेलं, मॅडम." तिसऱ्यांदा मी काढला नाही. दुसऱ्या ऑफिसला गिऱ्हाइकं नेणारा कुणी सापडला नाही. फाट्याच्या साइटवर साहेबांनी आणखी मुरूम टाकून घेतला. जाहिरातीचा मजकूर बदला, असं मी एकदा सुचवून बघितलं. साहेब म्हणाले, आता जाहिरात मी बघतो. तो उन्हाळा संपता संपता मी नोकरी सोडली आणि गावातल्या एका शाळेत ऑफिसला लागले.

तात्यांच्या मालकीणबाईंचे फोन बंद होतील, अशी त्यांना भीती होती. तसं झालं नाही. जी गिऱ्हाइकं चोपण बघून माघारी गेली होती, त्यांनीच त्यांचा नंबर पुढं दिला. कुणाच्या यादीत नाव नसताना त्या भवानीनगरपासून पार इंदापूरच्या अलीकडपर्यंत जागा दाखवत हिंडायला लागल्या. हे मला मिस्टरांनी सांगितलं, त्यांना कारखान्यातल्या कुणीतरी.

दोन वर्षांनी आम्ही स्वतःसाठी जागा बघायला लागलो तेव्हा मी त्यांनाच फोन केला. पहिल्या तीन जागा त्यांनी आम्हाला नको म्हणून सांगितल्या. चौथी त्यांना पसंत पडली. कालव्याच्या वरच्या अंगाला, शेजारी वस्ती. "ही घ्या," त्या म्हणाल्या. "डोळे झाकून."

माझे डोळे काही झाकले जाईनात. त्यांना न सांगता मी एका रविवारी त्या जागेवर एकटी गेले. शेजारच्या वस्तीवर जाऊन विचारलं, पाणी सुटल्यावर ओल येते का, जागेचा पूर्वी काही वाद होता का, ही दाखवणारी बाई कशी आहे. वस्तीवरची म्हातारी भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. तिनं मला सगळं नीट सांगितलं, शेंगाही दिल्या. खोट कुठंच निघाली नाही. घरी येताना मला हलकं वाटायला हवं होतं, पण लाजच जास्त वाटत होती.

इसाराच्या दिवशी त्या मोपेडवरून आल्या. माझ्या शेजारी बसल्या आणि पदरानं घाम पुसत हळूच म्हणाल्या, "वस्तीवर विचारून आलात म्हनं."

मी हातातले कागद उगाच सारखे केले.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "मला तरी एवढं कुटं वळखता तुमी?"

आणि माझ्या हातातले कागद घेऊन त्या मिस्टरांना सह्या कुठं कुठं करायच्या ते दाखवायला लागल्या.